घळीचा शेंडा शोधा: उपग्रहाच्या चित्रांवरून शिवारातल्या घळींचा नकाशा कसा करावा

दारव्हा तालुक्यातल्या एका शिवारात एप्रिलच्या उन्हात आम्ही घळीच्या काठावर उभे होतो. ज्या काकांच्या वावरातून ती जाते ते म्हणाले, "आमच्या बाच्या टायमाले हा ओघळ एका ढांगेत ओलांडाजोगा व्हता." आता तिथे बैलबंडी उतरत नाही. खाली, घळ नाल्याला मिळते तिथे, दोन दगडी बांध घातलेले होते आणि ते चांगले घातलेले होते. पण घळ तिथे वाढतच नव्हती. ती वाढत होती वरच्या टोकाला, बांधांपासून पावणेदोनशे मीटर वर, काकांच्या तुरीत.

घळीतलं पाणी खाली वाहतं, पण घळ वर चढते. वरच्या टोकाला पाणी कड्यावरून पडावं तसं पडतं, पायाची माती पोखरतं, वरचा थर लोंबकळतो आणि कोसळतो, की घळ हात-दोन हात पुढे सरकली. हे टोक कुठे आहे, दरसाल किती सरकतं आणि त्याला पाणी कुठून मिळतं, या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर घळींचा नकाशा नुसतं रंगीत चित्र राहतो. म्हणून या लेखात मी वरच्या टोकाला "शेंडा" म्हणेन आणि नाल्याला मिळते त्या जागेला "तोंड". सगळी पद्धत शेंड्याभोवती बांधली आहे. लागणारी साधनं फुकट आहेत: एक साधा लॅपटॉप, इंटरनेट, एक मोबाइल, आणि शेवटी पायी फिरायला दोन दिवस.

घळ कशाला म्हणायचं

वखराच्या पाळीने किंवा नांगराने जो बुजतो तो ओघळ. जी बुजत नाही, जिला औत वळसा घालून जातं, ती घळ. शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही, आणि नकाशासाठीही हीच व्याख्या पुरते. खोलीप्रमाणे तीन गट करा: एक मीटरपेक्षा उथळ, एक ते पाच मीटर, आणि पाच मीटरपेक्षा खोल.

नकाशाला बसण्याआधी जमीन कोणती आहे ते ठरवा, कारण जमिनीप्रमाणे घळीचा स्वभाव बदलतो. यवतमाळ, वाशीमच्या पठारी भागात बेसॉल्ट खडकावर मुरूम आणि मुरमावर उथळ माती असते. तिथे घळ मुरमाला किंवा खडकाला टेकली की खोल जायची थांबते आणि आडवी पसरते. अशा बरड जमिनीत रुंदी मोजणं महत्त्वाचं.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, गोष्टच वेगळी. तिथे गाळाची काळी माती खूप खोल आहे, तिच्यात सोडियम जास्त आहे, आणि सोडियममुळे मातीचे कण पाण्यात एकमेकांना सोडून देतात. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचं पाणी आत शिरतं, आतल्या आत वाट काढतं आणि नदीकाठाला बाहेर निघतं. वरून जमीन शाबूत दिसते, खाली भुयार झालेलं असतं. एक दिवस छत बसतं आणि वावरात भगदाड पडतं. दर्यापूर, मूर्तिजापूरकडे नकाशा करणाऱ्याने शेंड्याच्या वर, चढाच्या दिशेने, एका रांगेत काळे ठिपके दिसतात का हे आवर्जून पाहावं. घळ पुढे कोणत्या वाटेने येणार हे ती रांग सांगते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांध्या आणि दाट जंगल असल्याने वरून फारसं दिसत नाही. ही पद्धत मुख्यतः पश्चिम विदर्भाच्या उघड्या शिवारासाठी आहे.

कोणत्या चित्रात काय दिसेल

उपग्रहाचं चित्र चौकोनी ठिपक्यांचं असतं. एक ठिपका जमिनीवरची जेवढी जागा व्यापतो, त्याच्या निदान दोन-तीनपट रुंद असलेली वस्तूच खात्रीने ओळखता येते. एवढा एक नियम लक्षात ठेवला की बरीच निराशा टळते.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये, आणि दोन उपग्रह मिळून साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. पण ठिपका १० मीटरचा. म्हणजे वीस-तीस मीटर रुंद घळ दिसेल, काकांच्या वावरातली चार मीटरची दिसणार नाही. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-४ कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा आहे. त्यातही लहान घळी निसटतात. लँडसॅटचा ३० मीटरचा ठिपका घळीला अजिबात उपयोगाचा नाही, मात्र पूर्णेकाठच्या मोठ्या घळींच्या पट्ट्याचा १९८० च्या दशकापासूनचा इतिहास त्यात पाहता येतो.

लहान घळीसाठी हाताशी असलेलं खरं साधन म्हणजे गुगल अर्थ प्रो. संगणकावरची ही आवृत्ती २०१५ पासून फुकट आहे. त्यातल्या बऱ्याच चित्रांचा ठिपका अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, म्हणजे दीड मीटर रुंद घळ ओळखता येते. शिवाय त्याच जागेची जुन्या वर्षांची चित्रं मागे जाऊन पाहता येतात. इस्रोचं भुवन पोर्टलही उघडून ठेवा. तिथे कार्टोसॅटवरून केलेली उंचीची माहिती मिळते, ती पुढे लागेल.

म्हणून माझी विभागणी अशी आहे: घळीची रेषा गुगल अर्थवर, शेतातल्या पिकाची आणि खरडून गेलेल्या पट्ट्याची स्थिती सेंटिनेलवर, पाणी कुठून येतं ते उंचीच्या माहितीवर, आणि खोली टेप घेऊन शिवारात.

देशपातळीवर पडीक जमिनीचे जे नकाशे झाले, त्यांत घळीग्रस्त जमिनीचा वेगळा गट आहे. पण ते १:५०,००० प्रमाणाचे आहेत. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. गावातल्या घळी त्यात नाहीत म्हणून त्या अस्तित्वात नाहीत असं कुणी म्हणालं, तर त्याला हा हिशेब दाखवा.

महिना निवडणं हे अर्धं काम

पावसाळ्यात ढग असतात, आणि ढग नसले तरी गवत, सोयाबीन, पऱ्हाटी सगळं झाकून टाकतात. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं, पण काठावरचं गवत हिरवंच असतं. मला दोन काळ उपयोगी पडले आहेत.

पहिला डिसेंबर-जानेवारी. पृथ्वीची चित्रं घेणारे बहुतेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातात. विदर्भात डिसेंबरच्या शेवटी त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर असतो. दोन मीटर उंच उभ्या काठाची सावली सव्वादोन मीटरच्या आसपास पडते, आणि घळीत काळी पट्टी ठळक उमटते. मे महिन्यात त्याच वेळी सूर्य जवळजवळ ७० अंशांवर असतो आणि तीच सावली पाऊण मीटरची होते. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर आपल्याकडे भरदुपारी सूर्य डोक्यावर येऊन सावलीच नाहीशी होते.

दुसरा काळ मार्च-एप्रिल. सावली कमी, पण वावरं रिकामी, गवत वाळलेलं, आणि ताज्या कोसळलेल्या काठाची माती वेगळ्या रंगात उठून दिसते. मुरमाड घळ पिवळसर-पांढरी, काळ्या मातीतली घळ गडद. दोन्ही काळांची चित्रं मिळाली तर रेषा आधी हिवाळ्याच्या चित्रावर आखा आणि उन्हाळ्याच्या चित्रावर तपासा.

सावलीवर भरवसा ठेवताना दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली: डिसेंबरच्या सकाळी सूर्य आग्नेयेकडे, त्यातही दक्षिणेकडे जास्त झुकलेला असतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या घळीत सावली भरपूर पडते, तर उत्तर-दक्षिण जाऊन किंचित वायव्येकडे कललेल्या घळीत जवळपास पडतच नाही. अशा घळी चित्रात फिक्या दिसतात आणि नकाशातून सुटतात. मुद्दाम त्या दिशेच्या रेषा शोधायला एक वेगळी फेरी मारा.

दुसरी गोष्ट माझ्या हातून घडलेली आहे. सुरुवातीच्या एका नकाशात मी एक लांब धुरा (दोन वावरांमधला बांध) घळ म्हणून आखला आणि शेजारची खरी घळ उंचवटा समजून सोडली. कारण आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय असते, आणि उत्तर वर असलेल्या चित्रात ऊन खालच्या बाजूने आलेलं असतं. त्यामुळे खोलगट जागा फुगीर वाटते आणि फुगीर जागा खोल. उपाय सोपा आहे: चित्र अर्ध्या वर्तुळात फिरवून दक्षिण वर करा. घळी एकदम आत बसतात. शंका येईल तिथे हे करूनच पाहा.

गुगल अर्थमध्ये आखणी

एका वेळी एक लहान पाणलोट घ्या, साधारण पाचशे हेक्टरपर्यंत. गावाची हद्द घेऊ नका. पाणी हद्द ओळखत नाही, आणि शेंड्याला पाणी पाजणारं वावर बहुधा शेजारच्या गावाचं निघतं.

डाव्या पट्टीत एक फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक चित्राच्या तारखेसाठी वेगळा उपफोल्डर. वरच्या घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारून जुनी चित्रं उघडा. चित्राची तारीख पुरेसं जवळ गेल्यावरच वाचा. दुरून दिसणारी तारीख त्या तुकड्याची असेलच असं नाही, कारण पडद्यावरचं चित्र वेगवेगळ्या दिवशीच्या तुकड्यांचं जोडलेलं असतं. दोन तुकड्यांची शिवण पाणलोटाच्या मधून जात असेल तर तशी नोंद ठेवा.

आता चित्र किती उंचीवरून पाहायचं ते ठरवा. मी तीनशे ते पाचशे मीटरच्या दरम्यान एक उंची पक्की करतो आणि पूर्ण काम तिथूनच करतो. एक घळ जवळून आणि दुसरी लांबून आखली तर लांबीची तुलना खोटी होते, कारण जवळून आखताना वळणं जास्त पकडली जातात.

आखायला तोंडापासून सुरुवात करा आणि वर चढत शेंड्यापर्यंत जा. घळीच्या तळाची मध्यरेषा "पाथ" साधनाने काढा. घळ तीन मीटरपेक्षा रुंद असेल तर दोन्ही काठ धरून "पॉलिगॉन"ही काढा. त्यानंतर शेंड्यावर वेगळी खूण टाका. ही खूण सगळ्यांत महत्त्वाची. शेंडा म्हणजे जिथे काठाची तीक्ष्ण कड संपते ती जागा. तिच्या पुढे बऱ्याचदा उथळ ओघळ चालू असतो, तो रेषेत धरू नका. दरवर्षी तुम्ही आणि उद्या तुमच्या जागी काम करणारी मुलगी एकच जागा शेंडा म्हणून धराल, एवढी व्याख्या घट्ट हवी.

नाव देताना अंदाजाने देऊ नका. पाणलोटाचं लघुरूप, घळीचा क्रमांक, चित्राचं साल आणि महिना असं नाव ठेवा. गुगल अर्थमध्ये माहितीचे रकाने नसतात, म्हणून वर्णनाच्या चौकटीत तीन शब्द लिहा: शेंडा ताजा की निवांत, जवळ काय आहे, आणि खात्री किती. ताज्या शेंड्याची कड तीक्ष्ण, सावली स्वच्छ, माती उघडी. निवांत शेंड्याची कड गोलसर आणि तळात झुडुपं. तळात वेड्या बाभळीचा दाट पट्टा वाढला असेल तर घळ काही वर्षं तरी तिथे स्थिरावली आहे असं मी धरतो. पण शेंडा त्या बाभळीच्या पुढे गेलेला असू शकतो, म्हणून पट्टा संपतो तिथे थांबू नका.

फसवणाऱ्या रेषा

पांदण रस्ता सगळ्यांत जास्त फसवतो. वर्षानुवर्षं बैलबंड्यांनी दबलेली, दोन्ही बाजूंच्या वावरांपेक्षा खाली गेलेली पांदण वरून हुबेहूब घळ दिसते. आणि पुष्कळ ठिकाणी ती खरोखरच घळ झालेली असते, कारण पावसाचं पाणी तिलाच वाट करून घेतं. पांदणीसाठी वेगळा गट ठेवा. ती घळ आहे की रस्ता हे शिवारातच ठरेल, आणि तिचा उपायही वेगळा आहे.

झाडांनी भरलेला धुरा गडद रेषा देतो. तो सरळ जातो आणि काटकोनात वळतो, घळ तसं करत नाही. समतल चर उताराला आडवे, समांतर आणि तुटक असतात. कालव्याची चारी एकसारख्या रुंदीची असते. घळ मात्र तोंडाकडे रुंद होत जाते आणि तिला फांद्या फुटतात.

खोलीकरण केलेला नाला सरळ, रुंद आणि काठावर मातीचे ढिगारे असलेला दिसतो. तो घळ म्हणून आखू नका, पण त्याच्याकडे नीट पाहा. नाल्याचा तळ एक-दीड मीटर खाली गेला की त्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओघळाच्या तोंडाशी तेवढाच नवा कडा तयार होतो, आणि तो कडा वावरात वर चढू लागतो. जुन्या चित्रांत खोलीकरणाआधीचं आणि नंतरचं साल शोधा आणि दोन्ही काठांवर नवे शेंडे उगवले का ते मोजा. नाल्यात पाणी साठलं याचा आनंद सगळ्यांनाच होतो, मलाही होतो. पण बाजूच्या ओघळांची तोंडं दगडांनी बांधल्याशिवाय नाला खोल करणं मला मान्य नाही.

दोन सालांची तुलना, आणि चूक किती ते सांगणं

वेगवेगळ्या तारखांची चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. चार-पाच मीटरचा सरक सहज असतो. तो न मोजता "घळ चार मीटर वाढली" असं लिहिणं म्हणजे चित्राची चूक घळीच्या माथी मारणं.

सरक मोजायला न हलणाऱ्या जागा लागतात. विहिरीचं कठडं उत्तम, कारण ते गोल असतं आणि मधला बिंदू नेमका धरता येतो. त्याशिवाय देवळाचा कोपरा, जिल्हा परिषद शाळेच्या छताचा कोपरा, रपट्याची (ओढ्यावरच्या बुटक्या पुलाची) कड. पाणलोटात पसरलेल्या निदान पाच जागांवर जुन्या आणि नव्या दोन्ही चित्रांत खुणा टाका. समजा, नव्या चित्रात त्या सरासरीने चार मीटर पूर्वेला आणि तीन मीटर उत्तरेला गेल्या, तर सरक पाच मीटरचा. नव्या रेषा तेवढ्या उलट्या दिशेने हलवल्या की मोठी चूक निघून जाते. पाचही जागा सारख्याच सरकलेल्या नसतात, म्हणून दीड-दोन मीटरची चूक तरीही राहते.

हिशेब असा करा. जुन्या चित्रात शेंडा धरण्याची चूक एक मीटर, नव्या चित्रात एक मीटर, उरलेला सरक दोन मीटर. तिन्हींचे वर्ग मिळवा: एक, एक आणि चार मिळून सहा. सहाचं वर्गमूळ जवळपास अडीच. म्हणजे आठ वर्षांत शेंडा १२ मीटर सरकलेला दिसला तर "१२ मीटर, अडीच मीटर इकडे-तिकडे" असं लिहा, वर्षाला सरासरी दीड मीटर. आणि शेंडा दोन मीटरच सरकलेला दिसला तर "हालचाल सिद्ध होत नाही" असं स्पष्ट लिहा. अशा नोंदीने नकाशाची किंमत कमी होत नाही. उलट, बाकीच्या आकड्यांवर लोक विश्वास ठेवतात.

सरासरीने फसू मात्र नका. घळ दरवर्षी दीड मीटर चालत नाही. ती दोन-तीन वर्षं जागेवर असते आणि एका रात्रीत सहा मीटर जाते. म्हणून तुलनेसाठी साल निवडताना पावसाच्या नोंदी सोबत घ्या. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. तशा तारखा कृषी विभागाच्या मंडळनिहाय नोंदींतून काढा. यवतमाळ जिल्ह्यात जुलै २०२३ मध्ये जी अतिवृष्टी झाली, तिच्या आधीच्या हिवाळ्याचं आणि नंतरच्या हिवाळ्याचं चित्र मिळालं तर एका पावसाने काय केलं ते नेमकं दिसेल.

सेंटिनेलचा उपयोग इथे होतो. अशा पावसानंतर ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये ढगांत जी पहिली उघडीप मिळेल त्या दिवसाचं चित्र कोपर्निकस ब्राउझरमध्ये उघडा आणि आठवा (अवरक्त), चौथा (लाल), तिसरा (हिरवा) असे प्रकाशाचे पट्टे घेऊन रंग लावा. हिरवं पीक लाल दिसेल. शेजारची वावरं लाल असताना घळीच्या कडेचा पट्टा राखाडी राहिला असेल, तर तिथली माती खरडून गेली आहे किंवा वरून वाळू-मुरूम येऊन बसला आहे. दोन्हींत फरक काय हे चित्र सांगत नाही, जाऊन पाहावं लागतं.

क्यूजीआयएसमध्ये आणताना

गुगल अर्थमधला फोल्डर केएमएल फाइल म्हणून साठवा, क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि जिओपॅकेज स्वरूपात नव्याने जतन करा. त्याच वेळी प्रक्षेप, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत, बदला. विदर्भात इथे एक खास अडचण आहे. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपात पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात. ७८ अंश पूर्व रेखांशाला पट्टा बदलतो, आणि ही रेषा अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांच्या मधून जाते. दारव्हा, दिग्रस ४३ व्या पट्ट्यात. यवतमाळ शहर, राळेगाव ४४ व्या. बुलडाणा, अकोला, वाशीम ४३ मध्ये. वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. क्यूजीआयएसमध्ये निवडायचा प्रक्षेपाचा क्रमांक ४३ साठी ईपीएसजी ३२६४३, ४४ साठी ३२६४४. पाणलोट या ७८ अंशांच्या रेषेवरच असेल तर कोणताही एक घ्या, पण सगळ्या थरांना तोच ठेवा.

वेबवरच्या नकाशांचा जो प्रक्षेप असतो, ३८५७ क्रमांकाचा, त्यात सपाट मोजणी करू नका. आपल्या अक्षांशावर तो लांबी सुमारे ७ टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ सुमारे १४ टक्क्यांनी फुगवतो.

गट नंबर हवे असतील तर महाभूनकाशावरून गावनकाशा पाहता येतो. तो उपग्रहाच्या चित्रावर नेमका बसत नाही. त्यामुळे कोणाच्या वावरात शेंडा आहे हे ढोबळ सांगायला तो ठीक आहे. दोन भावांच्या धुऱ्याचा निवाडा त्यावरून कधीही करू नका आणि कुणाला करू देऊ नका.

शेंड्याला पाणी कुठून येतं

उंचीची माहिती कार्टोसॅटची किंवा कोपर्निकसची, दोन्हींचा चौकोन ३० मीटरचा. क्यूजीआयएसमध्ये आधी खोटे खड्डे भरून घ्या, मग प्रवाहाची दिशा, मग प्रवाहसंचय, म्हणजे प्रत्येक चौकोनात वरच्या किती चौकोनांचं पाणी येतं ते, काढा. एक चौकोन ९०० चौरस मीटरचा, म्हणजे साधारण अकरा चौकोनांचं एक हेक्टर. प्रत्येक शेंड्याच्या जागी संचय किती ते वाचलं की त्याच्या माथ्यावर किती हेक्टरचं पाणी येतं ते कळतं. शेंडा आणि प्रवाहाची रेषा एकमेकांवर बसत नसतील तर शेंड्याची खूण जवळच्या प्रवाहावर सरकवून मगच वाचा.

पठारी भागात हे आकडे बऱ्यापैकी जुळतात. पूर्णेच्या सपाटीवर नाही. तिथे उतार इतका कमी आहे की उंचीच्या माहितीतली चूक खऱ्या चढउतारापेक्षा मोठी ठरते आणि संगणक पाणी भलतीकडे वळवतो. तिथे पावसात वावरात पाणी कसं चालतं हे शेतकऱ्याला विचारा. चित्र छापून न्या, त्याच्या हातात पेन द्या. पांदणीचं पाणी कोणत्या फुटलेल्या धुऱ्यातून आत येतं हे ३० मीटरच्या चौकोनाला कधीच कळणार नाही, आणि पुष्कळदा शेंड्याचं मूळ कारण तेवढंच असतं.

शिवारात

नकाशा छापा आणि तीस-चाळीस जागा निवडा. त्यातल्या दोन तृतीयांश घळ म्हणून आखलेल्या, आणि एक तृतीयांश जिथे तुम्ही घळ नाही असं धरलं आहे. ही दुसरी निवड बरेच जण करत नाहीत. मग चुकून धरलेल्या घळी कळतात, सुटलेल्या कळत नाहीत. दोन्ही चुका वेगवेगळ्या मोजा.

मोबाइलवर क्यूफील्ड हे क्यूजीआयएसचे नकाशे उघडणारं ॲप घेतलं तर नकाशा नेटवर्कशिवाय चालतो. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या वावरात साधारण तीन ते पाच मीटर चुकतो, म्हणून शेंड्याची जागा जीपीएसने दुरुस्त करू नका. जीपीएस फक्त योग्य घळीपाशी पोचायला.

घळीत दर वीस मीटरवर वरची रुंदी, तळाची रुंदी आणि खोली मोजा. दोन काठांवर दोरी ताणा आणि मधून टेप सोडा, एवढंच. काळ्या मातीत काठावर उभं राहताना भेग कुठे आहे ते आधी बघा. भेगेच्या घळीकडच्या बाजूला पाय ठेवू नका. खारपाणपट्ट्यात शेंड्याच्या वर चालताना काठीने जमीन ठोकत चला.

आता मातीचा हिशेब. समजा, घळ १८० मीटर लांब, वर सरासरी चार मीटर, तळाला दोन मीटर, खोली दीड मीटर. रुंदीची सरासरी तीन, गुणिले दीड, म्हणजे साडेचार चौरस मीटरचा छेद. गुणिले १८०, म्हणजे ८१० घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटरची, म्हणून ही झाली २८६ ब्रास. टनात सांगून गावात कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. ब्रास म्हटलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसतात, आणि ग्रामसभा शांत होऊन ऐकते. हा आकडा अहवालात पहिल्या पानावर द्या.

क्रम कसा लावायचा

सगळ्या घळींवर एकदम काम होणार नाही. मी प्रत्येक शेंड्याला तीन गोष्टींवर तपासतो: तो ताजा आहे का, माथ्यावर दोन हेक्टरपेक्षा जास्त क्षेत्राचं पाणी येतं का, आणि पन्नास मीटरच्या आत विहीर, घर, रपटा किंवा पांदण आहे का. तिन्हींना हो असेल तो शेंडा यादीत पहिला, मग घळ कितीही लहान असो. पाच मीटर खोल, बाभळींनी भरलेली निवांत घळ दिसायला भयंकर असते, पण तिच्यावर पहिला पैसा घालू नये.

कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) किंवा जलसंधारणाच्या अभियंत्याकडे जाताना प्रत्येक शेंड्याचं एक पान न्या: जुनं चित्र, नवं चित्र, शेंडा किती सरकला ते चुकीसह, माथ्यावरचं क्षेत्र, आणि पाणी येण्याची वाट. "माथा ते पायथा", म्हणजे काम वरून खाली करत यायचं, हे तत्त्व तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या पानामुळे या घळीचा माथा नेमका कोणता हे दिसतं. वरच्या वावरांची धुरा बंदिस्ती, शेंड्याआधी पाणी वळवणारा चर, आणि मग घळीत अनघड दगडी बांध, असा क्रम त्यावरून ठरवता येतो. बांधांमधलं अंतर काढायला तळाचा उतार लागतो: एक मीटर उंच बांध आणि तळाचा उतार पाच टक्के असेल तर वीस मीटर, म्हणजे खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत येतो.

शेवटचं काम मे महिन्यात, वखरणी आटोपल्यावर. निवडलेल्या प्रत्येक शेंड्यापासून वर, चढाच्या दिशेने, दोन, चार आणि सहा मीटरवर फूटभर लांब लोखंडी सळ्या जमिनीत ठोका, वर बोटभर ठेवा आणि टोकाला लाल रंग लावा. वखरात सळी अडकेल असं वाटत असेल तर धुऱ्यावर दोन पक्क्या खुणा करून तिथून अंतर मोजा. शेतकऱ्याला ती जागा दाखवून ठेवा. मृगाच्या पावसानंतर, आणि त्यानंतर प्रत्येक अतिवृष्टीच्या दुसऱ्या दिवशी, त्याने फक्त एवढंच फोनवर कळवायचं: किती सळ्या उरल्या. दिवाळीनंतर टेप घेऊन तुम्ही जा, आणि डिसेंबरचं चित्र आलं की त्या मापाशी आपली रेषा ताडून पाहा.